वायए फॅन्टसीतला लव्ह ट्रँगल कसा वाचायचा, आणि कधी सोडून द्यायचा

वायए, म्हणजे यंग अ‍ॅडल्ट, किशोरवयीन वाचकांसाठीची फॅन्टसी वाचताना साधारण शंभर-सव्वाशे पानं झालेली असतात, जादूचे नियम नुकते कळायला लागलेले असतात, नकाशा बघायला सारखं पहिल्या पानावर जायची सवय लागलेली असते, आणि तेवढ्यात दुसरा मुलगा येतो. भिंतीला टेकून उभा. तो आपल्याला अजिबात आवडत नाही असं हिरॉइन तीन-तीनदा सांगते आणि तिथेच आपल्याला कळतं की आता पुढची दोन पुस्तकं हेच चालणार. बऱ्याच जणांचा मूड इथेच जातो. "छान चाललं होतं यार, आता परत हे" म्हणून पुस्तक बाजूला ठेवणारे लोक मला खूप माहितीयेत, मी स्वतः काही वर्षं हेच करत होते, आणि त्यात काही फार चांगल्या सिरीज माझ्या हातून सुटल्या ज्या नंतर वाचल्यावर खरंच हळहळ वाटली.

दुसऱ्या टोकाला असतात फक्त ट्रँगलसाठी वाचणारे. युद्धाची प्रकरणं भराभर उलटायची, दरबारातलं राजकारण स्किप, आणि आपला जो आहे तो पुन्हा कुठल्या पानावर येतो ते शोधायचं. मग शेवटी ती दुसऱ्याचा हात धरते आणि कित्येक दिवस नवीन पुस्तक हातात घ्यावंसं वाटत नाही. ते दुःख खरं असतं, त्याला कुणी हसू नये.

इतकी पुस्तकं वाचून झाल्यावर मला वाटायला लागलंय की दोन्हीकडे गडबड एकच होते, आपण ट्रँगलला मॅच समजतो. दोन खेळाडू, एक ट्रॉफी, शेवटच्या पानावर निकाल. एकदा मॅच म्हणून बघायला लागलं की मधलं सगळं नुसता स्कोअर होऊन जातं, या प्रकरणात याला एक पॉइंट, त्या प्रकरणात त्याला दोन, आणि जिची ही गोष्ट आहे ती मुलगी नुसती ट्रॉफी होऊन बसते. ट्रँगल जर नीट लिहिलेला असेल तर त्यातून ती मुलगी कळते. याच्याजवळ ती कशी वागते, त्याच्याजवळ कशी, कुणासमोर तिला खोटं बोलावं लागतं, कुणाजवळ असताना तिची जादू नीट चालते आणि कुणाजवळ बिघडते. हे बघत वाचलं की तेच पुस्तक वेगळं लागतं. ते कसं करायचं आणि करूनही जमलं नाही तर काय, ते सांगते.

आधी हे ठरवा की तुम्हाला नक्की खटकतंय काय. "मला लव्ह ट्रँगल आवडत नाही" हे वाक्य खूप मोठं आहे, त्याच्या आत वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि प्रत्येकीवर इलाज वेगळा. कुणाला राग येतो की राज्य जळतंय आणि ही त्याच्या डोळ्यांच्या रंगाचा विचार करतेय. कुणाला तिचं तळ्यात-मळ्यात सहन होत नाही. कुणाला निकाल पहिल्याच पुस्तकात दिसलेला असतो, मग तीन पुस्तकं तो लपवायचा खटाटोप बघून कंटाळा येतो. आणि काहींना, हे कमी बोललं जातं, तिच्या मनाशी झालेला खेळ सहन होत नाही, कारण त्यांच्या आयुष्यात कुणीतरी तसं वागलेलं असतं. शेवटच्या गटात असाल तर पुढचं काही करायची गरज नाही, त्या प्रकारची पुस्तकं सरळ टाळा, त्यात चुकीचं काहीच नाही.

राज्य जळतंयवाल्यांसाठी. फॅन्टसीमध्ये वाचकाला एक अख्खं जग शिकवावं लागतं, आणि त्याची माहिती नुसती सांगत बसलं तर ती धड्यासारखी वाटते, म्हणून चांगले लेखक ती माणसांच्या हातून देतात. दोन मुलांपैकी एक बहुतेक वेळा तिच्या जुन्या आयुष्यातला असतो, गावातला, लहानपणापासूनचा, आणि दुसरा नव्या जगातून आलेला, राजवाड्यातला किंवा शत्रूच्या बाजूचा. म्हणजे प्रत्येक मुलगा हा एकेक दरवाजा असतो. रोमान्सचा सीन आला की स्वतःला विचारायचं, या दरवाज्यातून आता आत काय आलं? जादूबद्दल काही नवीन कळलं का, कुणाची निष्ठा कुठे आहे ते दिसलं का, ती आधी घाबरत होती ती गोष्ट आता करायला लागली का? यातलं एक जरी मिळालं तरी सीन आपलं काम करतोय, धीर धरा. चार सीन ओळीनं गेले आणि धडधडणाऱ्या छातीशिवाय काहीच आलं नाही तर मात्र बिनधास्त चाळत पुढे जा. पानं चाळणं गुन्हा नाही, पुस्तक तुमचं आहे.

यात मला सगळ्यात जास्त मदत झाली ती एका साध्या प्रयोगाची. मी आणि माझी मावसबहीण एकच कॉपी वाचत होतो, मी एकाच्या बाजूची, ती दुसऱ्याच्या, आणि रोजची भांडणं. शेवटी तिनं सुचवलं की समासात पेन्सिलीनं खुणा करू, पहिला मुलगा पानावर असेल तर टिंब, दुसरा असेल तर फुली. पुस्तक संपल्यावर नुसत्या टिंबांची पानं सलग वाचली आणि मग फुल्यांची. तेव्हा दिसलं की टिंबांच्या पानांवर ती मुलगी सारखी उत्तरं देत असते, स्वतःला सिद्ध करत असते, आणि फुल्यांच्या पानांवर ती प्रश्न विचारते. इतकं साधं. मी ज्याच्या बाजूची होते तो टिंबवाला होता आणि तो वाईट मुळीच नव्हता, पण त्याच्याजवळ ती कायम परीक्षेला बसल्यासारखी असायची, आणि मला हे आधी चारशे पानांत दिसलंच नव्हतं कारण मी त्याचे पॉइंट मोजत होते. ई-बुक वाचत असाल तर दोन रंगांचे हायलाइट वापरा, तेच काम होतं.

आता तळ्यात-मळ्यात. हे समजून घ्यायला दोन गोष्टी लक्षात घ्या. वायएमधली कितीतरी पुस्तकं प्रथमपुरुषी असतात, "मी गेले, मला वाटलं", त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या मनात येणारा एकेक विचार आपल्या कानात पडतो. त्याच वयात आपल्या मनात काय काय चालायचं ते कुणी लिहून काढलं असतं तर तेही असंच दिसलं असतं. त्यामुळे तिचा गोंधळ मोजताना तिचे विचार धरू नका, तिची कृती धरा. ती खरोखर किती वेळा एकाला सोडून दुसऱ्याकडे गेली? दहा वेळा विचार केला आणि एकदाच पाऊल उचललं, असंच बहुतेक वेळा निघतं.

दुसरी गोष्ट आपल्या वाचायच्या वेगाची आहे. ट्वायलाइटची, म्हणजे बेला, एडवर्ड आणि जेकब यांच्या ट्रँगलची, चार पुस्तकं २००५ ते २००८ अशी वर्षाला एक या हिशोबानं आली. मधल्या वर्षभरात वाचकांना वाद घालायला, अंदाज बांधायला, टीम एडवर्ड आणि टीम जेकब करायला भरपूर वेळ होता, आणि त्या वाट बघण्यातच अर्धी मजा होती. दुसऱ्या पुस्तकात एडवर्ड बराच काळ गायब असतो आणि जेकबला जागा मिळते, हे वर्षभर थांबून वाचणाऱ्याला नवीन वळण वाटणार. आज आपण चारही पुस्तकं आठवड्याभरात संपवतो आणि म्हणतो हिचं तेच तेच चाललंय. लिहिलेलं तेवढंच आहे, मधली हवा आपण काढून टाकली. म्हणून माझा खरा सल्ला असा की ट्रँगल असलेली सिरीज सलग वाचू नका. एक भाग झाला की मध्ये पूर्ण वेगळं पुस्तक घ्या, महिनाभर जाऊ द्या. तुम्हाला जर महिन्यानंतर त्या मुलीची आठवण येत असेल तर पुढचा भाग उघडा, येत नसेल तर उत्तर मिळालंच.

दुसरा भाग हा तसाही नाजूक असतो. तीन पुस्तकांच्या सिरीजमध्ये मधल्या पुस्तकाला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो, मग ताण टिकवायला लेखक ट्रँगल ओढत बसतात, एक गैरसमज, एक न पोचलेलं पत्र, दारामागून अर्धवट ऐकलेलं बोलणं. पहिला भाग आवडला असेल आणि दुसऱ्यात घोडं पेंड खात असेल तर सिरीज लगेच टाकून देऊ नका, कित्येकदा तिसऱ्यात गाडी रुळावर येते.

मग ट्रँगल चांगला की वाईट हे ओळखायचं कसं. माझ्याकडे दोन कसोट्या आहेत.

पहिली, एकाला पुसून बघा. मनातल्या मनात दोघांपैकी एकाला पुस्तकातून काढून टाका. प्रेमप्रकरण सोडून बाकी काय कोसळतं? काहीच कोसळत नसेल, युद्ध तसंच होतंय, जादू तशीच चालतेय, तर तो मुलगा नुसता सजावटीचा आहे आणि तुमची चिडचिड रास्त आहे. आता शॅडो अँड बोन घ्या, २०१२ चं. अलिना, तिचा लहानपणापासूनचा मित्र मॅल, आणि डार्कलिंग, जो दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वयाचा आणि ताकदवान आहे. डार्कलिंगला पुसलं तर पुस्तकच उरत नाही, कारण अलिनाला तिच्या शक्तीची ओळख आणि त्या शक्तीची भूल दोन्ही त्याच्यामुळे आहे. मॅलला पुसलं तर ती कुठून आली आणि काय गमावतेय हे कळायला जागा राहत नाही. मॅल कित्येकांना अजिबात आवडत नाही हे मला माहितीये, पण आवडणं वेगळं आणि गरज असणं वेगळं. हंगर गेम्स (२००८ ते २०१०) काटेकोरपणे फॅन्टसी म्हणता येणार नाही, तरी ही कसोटी शिकायला ते उत्तम आहे, कारण तिथे मुलांना टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात उतरवतात, आणि कॅमेऱ्यासमोर प्रेम दाखवलं तर स्पॉन्सरची मदत मिळते आणि जीव वाचतो. म्हणजे हिरॉइन कॅटनिसला स्वतःलाच कळत नाही की त्याच खेळात असलेल्या पीटाबद्दल तिला वाटतंय ते किती खरं आणि किती जगण्यासाठी. तिचा गोंधळ तिचा एकटीचा नाही, तो त्या खेळाच्या नियमातच आहे. असा गोंधळ मी कितीही पानं वाचेन.

दुसरी कसोटी मला जास्त आवडते. त्रिकोणाला तीन बाजू लागतात. बहुतेक पुस्तकांत दोनच असतात, मुलगी आणि हा, मुलगी आणि तो, आणि त्या दोघांमध्ये एकमेकांना डोळे वटारण्यापलीकडे काही नातंच नसतं. तिसरी बाजू भरलेली असली की सगळं बदलतं. इन्फर्नल डिव्हायसेस, २०१० ते २०१३, व्हिक्टोरियन लंडनमध्ये घडणारी, तिथे विल आणि जेम हे शपथेनं बांधलेले लढाईतले जोडीदार आहेत, एकमेकांसाठी जीव देतील असे. हिरॉइन टेसावर दोघांचं प्रेम आहे आणि दोघांचं एकमेकांवरही तितकंच आहे, त्यामुळे "कोण जिंकणार" हा प्रश्नच विचारवत नाही, कारण कुणीही जिंकलं तरी दुसरा दुखावला जाणार आणि जिंकणारा ते सहन करू शकणार नाही. मी त्या सिरीजमध्ये एकही टीम निवडू शकले नाही, आणि ट्रँगलबद्दलचं माझं मत बदललं ते तिथेच. आयर्न विडो, २०२१, तर अजून पुढे जातं, तिथे तिसरी बाजू प्रेमाचीच आहे आणि तिघं एकत्र येतात, एकाला निवडायचं असतं ही अटच काढून टाकलेली. हे कुणाला पटेल कुणाला नाही पटणार, पण तिसरी बाजू म्हणजे काय हे समजायला त्याच्याइतकं स्पष्ट उदाहरण नाही. म्हणून नवीन पुस्तकात दोन्ही मुलं एका खोलीत, ती नसताना, असा एखादा सीन येतो का ते बघा. आणि कथा तिच्याच तोंडून असेल तर ती समोर असताना तरी ते दोघं तिच्याबद्दल सोडून दुसऱ्या कशाबद्दल एकमेकांशी बोलतात का ते बघा. बोलत असतील तर वाचत राहा.

फॅन्टसीत आणखी एक धोका असतो जो साध्या प्रेमकथेत नसतो, तो म्हणजे लेखकाच्या हातात जादू असते, आणि अवघड निवड आली की जादूनं ती सोडवायचा मोह होतो. नशिबानं बांधलेली जोडी हा त्यातला सगळ्यात मोठा. दोनशे पानं ती विचार करतेय आणि मग कळतं की यांचे आत्मे आधीच जोडलेले होते. मग निवड कसली? तिनं केलेला सगळा विचार पाण्यात. ट्वायलाइटच्या शेवटच्या पुस्तकात (वाचलं नसेल तर पुढची दोन वाक्यं सोडा) बेलानं निवड आधीच केलेली असते, पण जेकबचं दुःख मात्र तिच्या तान्ह्या मुलीशी त्याचं जादूचं बंधन जुळून क्षणात मिटतं. त्या मुलीच्या वयामुळे अनेकांना ते खटकलं आणि मलाही खटकलं, पण त्याशिवाय मला हेही लागलं की त्याच्या मनमोडीची किंमत कुणालाच द्यावी लागली नाही.

तशीच दुसरी पळवाट म्हणजे एकाला अचानक दुष्ट करून टाकणं. तो आधीपासून तसा होता आणि आपल्याला दिसलं नाही, तर मजा येते, मागे जाऊन खुणा शोधाव्याशा वाटतात. मागे गेल्यावर एकही खूण सापडली नाही तर समजायचं की निवड सोपी करायला त्याचा बळी दिला. आणि तिसरी पळवाट, एकाला मारून टाकणं. त्याच्या मरणानं युद्धात काही बदललं का एवढं बघा.

शेकडो वर्षं जगलेला नायक आणि सतरा वर्षांची मुलगी, यावर लोक खूप भांडतात. मी वाचते ते असं, पुस्तकाला स्वतःला त्या फरकाची जाणीव आहे का? तिला तो फरक कधी जाणवतो का, कुणी मोठं माणूस तिला सावध करतं का, त्याच्या अनुभवाचा तो तिच्यावर दबाव म्हणून वापर करतो हे लेखकाला दिसतंय का? दिसत असेल तर ती गोष्ट सत्तेबद्दल काहीतरी सांगतेय. दिसतच नसेल तर मला पुढे वाचवत नाही.

स्पॉइलरबद्दल एक. निकालाच्या टेन्शनमुळे जर तुमचं बाकी पुस्तकावर लक्षच लागत नसेल तर सरळ शेवट बघून घ्या. कुणाला हे पाप वाटतं, पण माझ्या अनुभवात ज्यांना मॅच बघायची सवय लागलीये त्यांच्यासाठी हा सगळ्यात चांगला उपाय आहे, स्कोअर माहीत झाला की माणूस खेळ बघायला लागतो. मी दोन सिरीज अशा वाचल्या आणि दोन्ही मला आवडल्या.

आणि शिप बुडाली, म्हणजे आपल्याला हवी ती जोडी जमलीच नाही, तर? लगेच पुस्तकाला शिव्या घालू नका, लगेच पुढचं पुस्तकही घेऊ नका. थोडे दिवस थांबा आणि मग ज्याला नाही निवडलं त्याची शेवटची दोन प्रकरणं फक्त परत वाचा. लेखकानं त्याला स्वतःचं आयुष्य दिलंय का? काम, मित्र, एखादी जबाबदारी, तिच्याशिवायची काही इच्छा? दिलं असेल तर तुमचं माणूस हरलेलं नाही, त्याची गोष्ट फक्त दुसरीकडे चालली आहे, आणि बऱ्याच जणांना एवढं दिसलं की बरं वाटतं. दिलं नसेल, शेवटच्या पानात घाईनं कुणाशी तरी लग्न लावून टाकलं असेल, तर तुमचा राग बरोबर आहे.

सोडून कधी द्यायचं, तर माझा नियम असा. पहिलं पुस्तक अर्धं होईपर्यंत थांबते. तोपर्यंत हिरॉइनला या दोन मुलांशिवाय स्वतःची अशी एकही गरज दिसली नाही, बदला, घर, बहीण, सिंहासन, काहीही, तर मी पुस्तक ठेवते. कारण तिला स्वतःलाच काही हवं नसेल तर दोघांपैकी कुणासोबत ती काय गमावेल हे कळायला मार्गच नाही.

आणि नुकतेच ट्रँगलला कंटाळला असाल तर त्याच लेखकाचं दुसरं काहीतरी शोधा, जग तेच आणि ट्रँगल नाही असं मिळतं कधीकधी. शॅडो अँड बोनच्याच जगात घडणारं सिक्स ऑफ क्रोज, २०१५ चं, सहा जणांच्या टोळीचं आहे, प्रेम आहे पण कथा ट्रँगलवर उभी नाही. ते आधी वाचा, त्या जगाची ओढ लागू द्या, आणि मग अलिनाकडे परत जा, पेन्सिल घेऊन.